कब कॅडेट १२२: इंजिन, क्लच आणि वायरिंगच्या प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर

गाडी, म्हणजे बागेत गवत कापायचा हा जुना छोटा ट्रॅक्टर, कामाच्या जागी आणून जॅकस्टँडवर घेतली. इंजिन जाम आहे. फ्लायव्हीलला दोन्ही हातांनी जोर लावूनही ते तसूभर हलत नाही. मागचे टायर रिमला चिकटलेत. बॉनेटच्या पत्र्याला डाव्या बाजूला मोठा पोचा आहे. सीट फाटलेली, सायलेन्सर सडून भोकं पडलेली. गिअर लिव्हर मात्र तिन्ही गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये स्वच्छ खटका देत जाते. त्या खटक्यावरच मी ही गाडी घ्यायचं ठरवलं. इंजिन नव्याने उभं करता येतं; या गिअरबॉक्सचा एखादा दात तुटला असता तर काम फार लांबलं असतं.

इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट १९६० मध्ये बाजारात आणला. त्याच्या मागच्या भागात त्यांच्याच फार्मॉल कब या शेतीच्या छोट्या ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनमधले कितीतरी भाग वापरले. म्हणजे बागेत गवत कापणाऱ्या यंत्राच्या पोटात नांगर ओढायच्या ताकदीचे गिअर आहेत. १२२ हे १९६० च्या दशकाच्या मध्यावरचं मॉडेल. त्याला कोहलरचं के-३०१ इंजिन आहे: बारा अश्वशक्ती, एकच सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ४७६ सीसी. पुढे १९८१ मध्ये कंपनीने हा सगळा धंदा एमटीडी या कंपनीला विकला, म्हणून संग्राहक 'आयएच काळातली' (आयएच म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टर) आणि 'नंतरची' असे दोन गट पाडतात.

एक नियम या वेळी भिंतीवर खडूनेच लिहून ठेवला आहे: जो भाग झिजलेला सापडेल तो का झिजला हे कळेपर्यंत त्याच्या जागी नवा भाग बसवायचा नाही.

१६ ऑक्टोबर

प्लग काढून सिलिंडरमध्ये ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल यांचं निम्मं-निम्मं मिश्रण ओतलं. वरून चिंधी कोंबली. ॲसिटोन भराभर उडतं, शिवाय पेट घेतं, म्हणून दार उघडं ठेवून काम केलं.

इंजिन मुरेपर्यंत धुलाई. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा घासपेपर कुठेही फिरवणार नाही. क्लचच्या भागात हवेचा झोतही मारला नाही. त्या काळच्या क्लच-ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. तिथली धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

२१ ऑक्टोबर

मुरवून काही झालं नाही. हेड उघडलं. हे साइड व्हॉल्व्ह इंजिन असल्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसतात आणि हेड हे नुसतं बोल्टने आवळलेलं झाकण आहे. ते निघालं की सगळं समोर दिसतं.

दिसलं ते असं: पिस्टन मधेच थांबलेला, एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा, आणि पिस्टनच्या कडेने बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) भिंतीवर गंजाचं तांबडं कडं. म्हणजे इंजिन शेवटचं बंद झालं तेव्हा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला. सायलेन्सर सडलेला होता, त्यातून दमट हवा आणि पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरत राहिलं. इंजिनाचा घात सायलेन्सरने केला. उघड्यावर ठेवलेल्या कुठल्याही जुन्या यंत्राच्या एग्झॉस्टवर एक साधा डबा उपडा घातला तरी हे टळतं.

लाकडाचा गोल ठोकळा बोअरच्या मापाचा करून पिस्टनवर ठेवला आणि हातोडीने हलके ठोके दिले. थेट पिस्टनवर लोखंड मारायचं नाही, ॲल्युमिनियमला लगेच चीर जाते. फ्लायव्हीलच्या पात्यांत पहार अडकवूनही फिरवायचं नाही, ती ओतीव पाती तुटतात. ठोक्या-ठोक्याने पिस्टन खाली गेला, मग वर आला.

२३ ऑक्टोबर

इंजिन फ्रेमवरून उतरवलं. या ट्रॅक्टरमध्ये फ्लायव्हील चालकाकडे असतं, त्यातूनच मागे ड्राइव्ह शाफ्ट जातो, आणि पुढच्या टोकाला क्रँकवर पीटीओ क्लच, म्हणजे इंजिनाची ताकद जोडलेल्या अवजाराला देणारा क्लच बसतो. गवत कापायचं डेक त्याच्यावरून पट्ट्याने चालतं.

पीटीओ क्लच उतरवणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. पुलीवर तीन भोकं आहेत आणि प्रत्येकात ॲलन कीने फिरणारा सेट स्क्रू. तो काढला तरी पुली हलत नाही, कारण त्याच भोकात खाली दुसरा सेट स्क्रू असतो. वरचा पूर्ण बाहेर काढून मग खालचा सैल करावा लागतो. हे ठाऊक नसल्याने पुलरने ओढून तोडलेले क्लच मी पाहिलेत. आधी भोकं ब्रेक क्लीनरने धुवायची, टाचणीने कचरा उकरायचा, मगच की घालायची.

२८ ऑक्टोबर

मापं घेतली. बोअर मुळात ८५.७२ मिमीचा. वरच्या भागात, रिंग जिथपर्यंत येतात तिथे, तो ०.१५ मिमी वाढला आहे आणि एका दिशेने लांबट झाला आहे. खालच्या भागात झीज नगण्य. वरचीच झीज एवढी जास्त म्हणजे हवेबरोबर धूळ आत जात होती. एअर फिल्टरचं बूड तपासलं तर त्याखालचं गॅस्केटच नाही. फिल्टर बदलला जात होता, पण हवा त्याला वळसा घालून थेट कार्बोरेटरमध्ये शिरत होती. शिवाय कार्बोरेटरचा थ्रॉटल शाफ्ट आपल्या भोकात डगडगतो, म्हणजे तिथूनही धूळ.

क्रँकपिन ३८.१ मिमीची हवी. ती एका बाजूने ०.०५ मिमी खाल्ली गेली आहे. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडमध्ये वेगळं शेल बेअरिंग नसतं. ॲल्युमिनियमचा रॉड थेट पिनवर फिरतो. तेलपंपही नाही. रॉडच्या टोकाला एक छोटं पळीसारखं तोंड असतं, ते दर फेऱ्याला तेलात बुडून तेल उडवतं. त्यामुळे तेल कमी झालं की सगळ्यात आधी मार बसतो तो रॉडला. पिन ०.२५ मिमी ग्राइंड करून तेवढ्याच लहान मापाचा (अंडरसाइझ) रॉड घालायचा निर्णय घेतला.

२ नोव्हेंबर

ब्लॉक आणि क्रँक मशीन शॉपमध्ये दिला. तिथल्या काकांनी बोअर गेज आत सोडलं, दोन ठिकाणी फिरवलं आणि म्हणाले, "पिस्टन कुठंय?"

"मागवलाय काका, पॉइंट टेन ओव्हरसाइझ. ब्लॉक तोवर तुमच्याकडे ठेवू का?"

"ठेवा. पण पिस्टन हातात आल्याशिवाय मी मशीन लावणार नाही. डब्यावर लिहिलंय तेवढाच पिस्टन असतो असं समजू नका. मोजू, मग बोअर करू."

या पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास आहे. पिस्टनप्रमाणे बोअर करायचा, उलट कधीच नाही. 'पॉइंट टेन' म्हणजे ०.०१० इंच, ०.२५ मिमी. ०.१५ ची झीज त्यात निघून जाईल.

९ नोव्हेंबर

पेट्रोलची टाकी. आतून गंजाचे पापुद्रे सुटलेले. मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि साध्या लोखंडी सळ्या धन टोकाला. बॅटरी चार्जरचं ऋण टोक टाकीला. टाकीच्या आतला गंज निघण्यासाठी एक सळी इन्सुलेट करून तोंडातून आत सोडावी लागते, कारण हा विद्युतप्रवाह समोरासमोरच्या पृष्ठभागांवरच नीट काम करतो. सळी टाकीला टेकता कामा नये. स्टेनलेस स्टीलची सळी अजिबात वापरायची नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर, आणि चार्जर बंद केल्यावरच क्लिपा काढायच्या. पेट्रोलची वाफ राहिलेल्या टाकीला हे करायचं नाही. आधी साबणाच्या पाण्याने पुन्हापुन्हा धुतली, वास पूर्ण जाईपर्यंत.

टाकी आतून करडी झाली. खालचा सेडिमेंट बाउल (पेट्रोलमधला गाळ साठणारी वाटी) उघडून काच, जाळी आणि कॉर्कचं वॉशर नवं केलं.

१५ नोव्हेंबर

मागचं हाउसिंग उघडलं. तेल दुधासारखं पांढरट. इंटरनॅशनलचं हाय-ट्रॅन तेल काही प्रमाणात पाणी स्वतःत सामावून घेतं, म्हणून गिअर वाचलेत. त्यांच्यावर गंजाचा ठिपकाही नाही. पाणी आलं कुठून? गिअर लिव्हरच्या बुडाशी असलेलं रबरी बूट फाटलं आहे आणि पावसाचं पाणी लिव्हरवरून ओघळून सरळ आत. नुसतं तेल बदललं असतं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच. बूट बदललं, तेल काढलं, मॅग्नेटने तळ पुसला. चुंबकाला बारीक काळी पूड लागली, तुकडा एकही नाही.

१६ नोव्हेंबर

क्लच. ड्राइव्ह शाफ्टवर एकच फ्रिक्शन डिस्क, दोन प्लेटा आणि त्यांना दाबणारी जोरदार स्प्रिंग. ही स्प्रिंग उघडताना लांब आटेदार सळी आणि दोन नटांनी ती दाबून धरली; नुसती पिन ठोकून काढली तर ती उसळून अंगावर येते.

शाफ्टमधल्या स्प्रिंग पिनची भोकं लांबट झालीत. कारण रिलीज लिव्हरमध्ये सापडलं. लिव्हर आणि थ्रोआउट बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) यांच्यात सुमारे १.३ मिमीची मोकळी फट हवी. इथे ती शून्य. म्हणजे पाय पेडलवरून उचलला तरी बेअरिंग सतत दाबाखाली फिरत होतं, क्लच पूर्ण पकडत नव्हता, आणि प्रत्येक झटका पिनांवर येत होता. शाफ्ट दुसरा घेतला. भोकं वेल्ड करून पुन्हा पाडणारेही आहेत, पण इथे शाफ्ट सरळ राहणं महत्त्वाचं आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकतो.

२२ नोव्हेंबर

ब्लॉक आला. होनिंगच्या, म्हणजे बोअर दगडाने घासून आलेल्या, तिरप्या रेघा सुंदर पडल्यात. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन धुतला, पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत. रॉकेलने किंवा पेट्रोलने धुतलं तर होनिंगची दगडपूड रेघांतच राहते आणि नव्या रिंगा खाते. सुकवून लगेच तेल चोळलं.

व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने बसवले. टॅपेटची (व्हॉल्व्हला खालून ढकलणाऱ्या भागाची) फट थंड इंजिनावर: इनटेक ०.२० ते ०.२५ मिमी, एग्झॉस्ट ०.४३ ते ०.५१ मिमी. एग्झॉस्टला दुप्पट, कारण तो तापून लांबतो.

२३ नोव्हेंबर

रॉड आणि त्याची कॅप यांवरच्या खुणा जुळवून बसवल्या. टॉर्क रेंचशिवाय हे काम मी कुणालाही करू देणार नाही. इंजिन हाताने पूर्ण फिरवलं, कुठेही अडत नाही.

हेड काचेवर ठेवून फीलर गेजने पाहिलं, ०.०८ मिमीपेक्षा जास्त वाकलेलं चालत नाही. थोडं वाकलं होतं. काचेवर घासपेपर पसरून आठच्या आकारात घासून सपाट केलं. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, ३४ ते ४१ न्यूटन-मीटर.

३० नोव्हेंबर

आजचा दिवस ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातली (क्रँककेसमधली) हवा बाहेर सोडणाऱ्या भागाचा. बाहेरून पाहिलं तर दोन्ही ऑइल सीलमधून तेल गळत होतं, आणि सहज कुणीही सील बदलून मोकळं होईल. टॅपेटच्या झाकणामागे जी रीड (पातळ पट्टीची झडप) असते, ती पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा बाहेर सोडते आणि वर जाताना बाहेरची हवा आत येऊ देत नाही. त्यामुळे आत थोडी निर्वात स्थिती राहते आणि तेल सीलमधून बाहेर ढकललं जात नाही. इथे ती रीड काजळीने उघडी चिकटलेली होती. आत दाब साठायचा आणि तेल वाट सापडेल तिथून बाहेर. सील नवे घातलेच, पण गळती थांबवणारी दुरुस्ती ही रीडची. ती स्वच्छ केली, जाळी धुतली, आणि पट्ट्यांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे लावला. क्रम चुकला तर नवी रीडही काम करत नाही.

जुन्या छोट्या इंजिनांच्या गळतीत मी ब्रीदरकडे आधी बघतो.

६ डिसेंबर

कार्बोरेटर. थ्रॉटल शाफ्टच्या भोकात लेथवर पितळी बुश बसवला. फ्लोट, नीडल आणि सीट नवी. सुरुवातीसाठी मुख्य स्क्रू सुमारे दोन फेरे उघडा ठेवला, बारीक जुळणी इंजिन गरम झाल्यावर. एअर फिल्टरखालचं गॅस्केट घातलं.

गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग): नट सैल करून आर्म कार्बोरेटरपासून दूर ओढून धरला, शाफ्ट डावीकडे फिरेल तेवढा फिरवला, नट आवळला. ३६०० आरपीएमच्या वर हे इंजिन जाऊ द्यायचं नाही. ॲल्युमिनियम रॉडला जास्त वेग सोसत नाही, आणि तुटला तर ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

७ डिसेंबर

इग्निशन. पॉइंट, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणारे संपर्क, क्रँककेसच्या बाहेर एका छोट्या झाकणाखाली असतात, कॅमशाफ्टवरून एक आखूड पिन त्यांना ढकलते. फट ०.५ मिमी, प्लगची ०.९ मिमी. पण फीलर गेजवर थांबायचं नाही. फ्लायव्हीलवर 'एस' आणि 'टी' अशा खुणा आहेत. 'टी' म्हणजे पिस्टन सर्वात वर, 'एस' म्हणजे ठिणगीची वेळ, २० अंश आधी. मल्टिमीटर पॉइंटवर लावला आणि फ्लायव्हील हळूहळू फिरवत आणलं. छोट्या खिडकीत 'एस' मध्यावर आला की त्याच क्षणी पॉइंट उघडले पाहिजेत. थोडं हलवून तसं केलं. ती पिन झिजलेली असेल तर फट बरोबर येऊनही वेळ चुकते, म्हणून हीच तपासणी मला पटते.

१३ डिसेंबर

स्टार्टर-जनरेटर. एकाच मोटरचं दुहेरी काम: पट्ट्याने इंजिन फिरवते, इंजिन चालू झालं की तीच वीज बनवते. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) लेथवर हलकं घासलं, कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक खाली केला, कार्बन ब्रश आणि बेअरिंग नवी.

तारा जोडल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी ध्रुवीकरण. मोटर उघडली की तिच्या पोलमधलं उरलेलं चुंबकत्व जाऊ शकतं किंवा उलटं होऊ शकतं, मग ती चार्जिंग करत नाही आणि रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. रेग्युलेटरच्या 'बॅट' आणि 'जेन' या टोकांना एका तारेने क्षणभर स्पर्श. लेक बाजूला उभी होती.

"बाबा, ठिणगी उडाली. बिघडलं का?"

"नाही गं. आता तिला कळलं उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे."

१४ डिसेंबर

रंगाचा निर्णय झाला. बॉनेट आणि फेंडरवरचा मूळचा पिवळा-पांढरा रंग ठेवतोय. पोचा मागून लाकडी हातोडीने शक्य तेवढा काढला, उघड्या पत्र्यावर गंजरोधक आणि वरून मेण. प्रदर्शनासाठी आरशासारखी चकचकीत गाडी करणाऱ्यांची मेहनत मला मान्य आहे, त्यांच्या रंगाखालची तयारी बघून मी शिकलो आहे. पण कारखान्याचा रंग एकदा खरवडला की कुणालाही परत आणता येत नाही, आणि या गाडीवर तो बराच शिल्लक आहे.

रिमचा प्रश्न वेगळा. मागच्या टायरांत वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं होतं, ते व्हॉल्व्हपाशी झिरपून रिम आतून खाल्लं. एक रिम वाचलं, दुसरं बदललं. यापुढे वजनासाठी चाकाला बाहेरून ओतीव लोखंडी वजनं.

२० डिसेंबर

इंजिन सुरू.

बाहेर अंगणात, तेल एसएई ३०, टाकीत ताजं पेट्रोल. स्टार्टरने दोन-तीन ओढीत घेतलं. चोक हळूहळू आत. सुरुवातीचा धूर जोडणीच्या तेलाचा, तो थोड्याच वेळात गेला. अर्ध्या वेगावर गरम करून मुख्य स्क्रू आत घेत नेला, इंजिन अडखळायला लागल्यावर पुन्हा बाहेर, आणि दोन्हींच्या मधल्या जागी ठेवला. चार्जिंगचा काटा धन बाजूला आहे. ब्रीदरपाशी हात धरला तर हवेचा झोत येत नाही, सील कोरडे.

कॉम्प्रेशन गेज लावून पाहिलं नाही. या इंजिनात ऑटोमॅटिक कॉम्प्रेशन रिलीज आहे: सुरू करताना कॅमवरचा छोटा लिव्हर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो म्हणून स्टार्टरला जोर लागत नाही. त्यामुळे गेजवर आकडा कमीच येतो आणि लोक चांगलं इंजिन उघडून बसतात. हवा भरून गळती मोजण्याची लीकेज टेस्ट हीच खरी. ती करीन, रिंगा बसल्यावर.

२१ डिसेंबर

इंजिन थंड असताना हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासले, दोन किंचित बसले. क्लचची फट पुन्हा मोजली, १.३ मिमीच आहे.

२८ डिसेंबर

पाच तास चालल्यावर तेल बदललं. जुन्या तेलात बारीक चमक होती, नव्या रिंगा बसताना ती येतेच. यानंतर दर २५ तासांनी. फ्लायव्हीलच्या जाळीत आणि सिलिंडरच्या फिनांमध्ये (थंडाव्यासाठीच्या पात्यांमध्ये) गवत अडकतं, म्हणून कापणीनंतर प्रत्येक वेळी आवरण सैल करून झटकायचं. हवा कोंडली की हेड पुन्हा वाकेल.

उरलेलं काम स्टिअरिंगचं. रॉस कॅम-लिव्हरच्या पेटीत लिव्हरवरची पिन एका बाजूने चपटी झाली आहे, त्यामुळे चाकाला बराच प्ले (ढिलेपणा) येतो. अ‍ॅडजस्टिंग बोल्ट आवळून तो लपवता येतो, पण मग वळणावर जड लागतं. पिन बदलायची. त्याआधी पुढच्या ॲक्सलची मधली पिन आणि तिचं भोक मोजायचं, कारण तिथला प्ले स्टिअरिंगच्या पेटीलाच धक्के देत असणार.

शिवाय सायलेन्सर. नवा बसवला आहे, पण पावसाची टोपी अजून नाही. ती झाल्याशिवाय गाडी उघड्यावर ठेवणार नाही.